साप नवीन घरात बिथरलाय, फुत्कारतोय, चावायला येतोय? आधी टँक नीट करा, हात सगळ्यात शेवटी

नवीन साप आणला की पहिल्या पंधरा दिवसातल्या तक्रारी ठरलेल्या असतात. झाकण उघडलं की मान एस सारखी वळवून बसतो, फुत्कारतो, शेपटी थरथरवतो, हात आत गेला की स्ट्राईक मारतो, म्हणजे झपकन डोकं पुढे फेकून चावायला येतो. नाहीतर याच्या उलट, रात्रभर काचेला नाक घासत फिरत राहतो, एका जागी टिकत नाही आणि खायला दिलं तर बघतही नाही. आणि यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो की रोज हातात घ्या म्हणजे सवय होईल. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. घाबरलेल्या सापाला रोज जबरदस्तीने उचललं तर तो एवढंच शिकतो की झाकण उघडलं म्हणजे आता आपल्याला पकडणार, आणि मग दर वेळी आधीपेक्षा लवकर बिथरतो. सापाला शांत करायचं खरं काम त्याचा टँक (तो राहतो ती पेटी) करतो, म्हणजे लपायला जागा, उष्णता, ओलावा, अंधार आणि आजूबाजूची शांतता, हे जमलं की मगच हाताळायची पाळी येते. हा क्रम उलटा केला की महिनेच्या महिने वाया जातात.

हे सगळं पाळण्यासाठी पैदास केलेल्या बिनविषारी सापांबद्दल आहे, म्हणजे बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंग स्नेक, मिल्क स्नेक, कार्पेट पायथन, बोआ अशी मंडळी, आणि सोबत सौम्य विषाचा हॉगनोज स्नेकही. रानातून पकडलेला साप घरी ठेवू नका. त्याच्या अंगात बऱ्याचदा परजीवी असतात, तो बंदिस्त जागेत खात नाही, आणि तुम्ही कितीही नीट वागलात तरी बरेचसे तसे साप माणसाळत नाहीत. शिवाय कुठला साप पाळायला परवानगी आहे हे तुमच्याकडच्या कायद्यात साप घ्यायच्या आधी बघून घ्यायचं.

हा राग नाहीये, भीती आहे

सापाच्या बाजूने विचार करून बघा. त्याला बाहेरचा कान नाही पण जमिनीतून येणारी थरथर जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचते, त्यामुळे तुमची प्रत्येक पावलं, दार आपटणं, स्पीकरचा बास त्याला कळतो. पापण्या नाहीत, म्हणजे डोळे मिटून जग बंद करणं हा पर्यायच त्याच्याकडे नाही, समोर जे आहे ते दिसतच राहणार. बॉल पायथन आणि बऱ्याच पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यांना तुमचा हात म्हणजे वरून येणारा एक मोठा गरम गोळा वाटतो. आणि जिभेने तो जे वास टाळूतल्या जेकबसन ऑर्गनपर्यंत नेतो ते सगळेच्या सगळे वास नवीन आहेत. घार, घुबड, मुंगूस, सापाला खाणारे सगळे झडप घालतात आणि पक्षी तर वरूनच घालतात, त्यामुळे वरून येणारा हात म्हणजे मरण ही समजूत त्याच्यात जन्मापासूनच आहे, तुम्ही वाईट आहात असं त्याचं काही म्हणणं नाही. डूख धरणं वगैरे सापाच्या मेंदूत बसतच नाही, पण कशाने त्रास झाला आणि कशाने झाला नाही हे मात्र तो नीट शिकतो, आणि आपल्याला जे काही करायचंय ते याच शिकण्याच्या जोरावर.

भीतीच्या पायऱ्या असतात, त्या वाचायला शिकलात तर चावा खायची वेळ फार कमी येते. आधी साप थिजतो, जीभ बाहेर काढणं थांबवतो. मग डोकं मागे खेचून मान वळवतो. मग फुत्कार, अंग फुगवणं, कॉर्न स्नेक आणि किंग स्नेक शेपटी इतकी जोरात थरथरवतात की कागदावर असली तर खडखड आवाज येतो. काही साप घाणेरड्या वासाचा स्राव सोडतात. बॉल पायथन डोकं मधे घेऊन गोळा होतो. हॉगनोज फणा काढल्यासारखी मान चपटी करतो आणि तरी तुम्ही गेला नाहीत तर उताणा पडून मेल्याचं सोंग घेतो. स्ट्राईक यानंतर येतो आणि तोही खूपदा तोंड मिटूनच, नुसती नाकाची धडक, म्हणजे जा म्हणून सांगायचा शेवटचा प्रयत्न. पिल्लं हे सगळं मोठ्यांपेक्षा जास्त करतात कारण पिल्लाला सगळेच खातात. कार्पेट पायथनची पिल्लं तर चावरी म्हणून प्रसिद्ध आहेत आणि त्यातली बरीचशी मोठी झाल्यावर छान शांत होतात.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगतो कारण ती सगळ्यात जास्त चुकते. हातात घेतल्यावर गोळा होऊन न हलणारा बॉल पायथन बघून लोक म्हणतात किती शांत आहे. तो शांत नाहीये, तो घाबरून थिजलाय. निवांत साप हळूहळू हलतो, सावकाश जीभ काढत असतो, अंग सैल असतं, तुमच्या हाताला हलका विळखा घालून इकडे तिकडे बघतो. थिजलेल्या सापाचं अंग ताठ असतं, जीभ जवळजवळ बंद असते, आणि कुठेही स्पर्श केला की झटका देतो, डोक्याजवळ तर जास्तच. हा फरक ओळखता आला नाही तर तुम्ही महिनाभर रोज त्याला घाबरवत राहाल आणि प्रगती होतेय असं समजाल.

साप यायच्या आधी

टँक साप यायच्या निदान तीन-चार दिवस आधी चालू करून ठेवा, तापमान दिवसरात्र कसं राहतंय ते बघायला. साप आल्यावर हीटर ॲडजस्ट करत, आत हात घालत, सामान हलवत बसायचं म्हणजे त्याच्या पहिल्या आठवड्याची वाट लावणं आहे.

जागा निवडताना जिथे येजा कमी तिथे ठेवा. टीव्हीच्या शेजारी नको, स्पीकर असलेल्या टेबलावर नको, सारख्या उघडणाऱ्या दारामागे नको, खिडकीतून थेट ऊन येतं तिथे तर मुळीच नको कारण काचेचा टँक उन्हात बघता बघता इतका तापतो की साप मरू शकतो. मांजर कुत्रं असेल तर ते टँकसमोर येऊन बसणार नाही अशी सोय करा, काचेपलीकडून टक लावून बघणारं मांजर सापासाठी शिकारी प्राणीच आहे. काचेचा टँक असेल तर मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून काळ्या कागदाने झाका, फक्त समोरची मोकळी, आणि साप फारच बुजरा असेल तर सुरुवातीला समोरही एक कापड टाकून ठेवा. एवढ्याशा गोष्टीने पुष्कळ फरक पडतो, सगळ्या बाजूंनी उघडं असलेल्या काचेत सापाला पाठ टेकायला जागाच नसते.

घरात आधीपासून दुसरे साप असतील तर नव्याला वेगळ्या खोलीत ठेवा, दोन ते तीन महिने, त्याचे चिमटे, पाण्याची भांडी वेगळी, आणि काम करताना आधी जुन्यांचं करा मग नव्याचं, मग साबणाने हात. एका टँकमध्ये दोन साप तर ठेवूच नका, सोबत लागते वगैरे सापाच्या बाबतीत नसतं, आणि किंग स्नेक तर दुसऱ्या सापाला खातो.

लपायची जागा

एकच गोष्ट नीट करायची असेल तर ही करा. कमीत कमी दोन हाईड पाहिजेत, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, दोन्ही दिसायला आणि मापाला सारख्याच. कारण असं की सापाला लपणं आणि ऊब यातलं एकच मिळणार असेल तर घाबरलेला साप लपणं निवडतो, मग हाईड फक्त थंड बाजूला असेल तर तो तिथेच बसून राहतो, अंग गार पडतं, पचन होत नाही, खाणं बंद होतं, आणि आपण म्हणतो नखरे करतोय.

हाईड मोठी आणि प्रशस्त घेऊ नका. पांघरुणात गुरफटून झोपल्यासारखं वाटलं पाहिजे त्याला, वेटोळं घालून बसल्यावर अंग भिंतींना आणि वर छताला टेकलं पाहिजे, तोंड एकच आणि लहान. दोन्ही बाजूंनी उघडी असलेली अर्धगोल लाकडं दिसायला सुंदर असतात पण बुजऱ्या सापाला त्यात सुरक्षित वाटत नाही. विकतचंच पाहिजे असंही नाही, प्लास्टिकचा डबा उलटा करून कडा गुळगुळीत करून एक भोक पाडलं तरी सापाला ते चालतं, त्याला रंगाशी देणंघेणं नाही.

मग दोन हाईडच्या मधली मोकळी जागा भरा. प्लास्टिकची पानं, सुकलेली स्वच्छ पानं, कॉर्क बार्क (झाडाची जाड साल), फांद्या, पुठ्ठ्याच्या नळ्या, काहीही, इतकं की साप एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाताना बहुतेक वेळ झाकलेला राहील. मोठ्या टँकमध्ये साप घाबरतो असं जे म्हणतात ते अर्धवट खरं आहे, तो मोठ्या टँकला घाबरत नाही, रिकाम्या टँकला घाबरतो. मोठा साप असेल तर टँकची लांबी निदान सापाच्या लांबीइतकी असावी म्हणजे त्याला पूर्ण ताणून पसरता येतं, पण आत गच्च सामान पाहिजे. कॉर्न स्नेक आणि हॉगनोज सारख्या उकरणाऱ्या सापांना सबस्ट्रेटचा, म्हणजे टँकच्या तळाशी पसरायच्या भुशा-मातीचा, चांगला जाड थर द्या, त्यात घुसून दिसेनासे झाले की त्यांना बरं वाटतं. साप दिसत नाही म्हणून सारखं उकरून बघू नका, तो दिसत नाही म्हणजे तुमचा टँक जमलाय.

उष्णता आणि ओलावा

चुकीच्या तापमानातला साप कधीच स्थिर होत नाही. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सियस, थंड बाजू २५ ते २७, ह्युमिडिटी, म्हणजे हवेतला ओलावा, साधारण ५५ ते ७० टक्के. कॉर्न स्नेकला गरम बाजू २८ ते ३१, थंड बाजू २२ ते २५, ह्युमिडिटी ४० ते ५५ टक्के चालते. दुसरी जात असेल तर तिचे आकडे वेगळे असतील, ते आधी काढून ठेवा.

हीट मॅट असो, सिरॅमिक हीटर असो की हॅलोजन, कुठलाही हीटर थर्मोस्टॅटशिवाय लावायचा नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट ४० च्या वर जाऊ शकते आणि सापाचं पोट भाजतं, सापाला खालून येणारी धग वेळेत कळत नाही आणि तो तिथेच बसून राहतो. गरम होणारे दगड म्हणून जे मिळतात ते घेऊच नका. काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे मीटर बऱ्याचदा चुकीचं दाखवतात, डिजिटल प्रोब (वायरच्या टोकाला सेन्सर असलेलं मीटर) वापरा, आणि प्रोब साप बसतो तिथे, म्हणजे हाईडच्या आत जमिनीवर, टँकच्या वरच्या कोपऱ्यात नाही.

रात्री लाल किंवा निळा बल्ब लावू नका, रात्री काळोख पाहिजे. दिवसा १२ तास उजेड, रात्री १२ तास अंधार, उष्णता लागली तर उजेड न देणारा हीटर.

पहिले दोन आठवडे

ज्या पिशवीतून किंवा डब्यातून साप आणला ती टँकमध्ये हाईडच्या तोंडाशी उघडी करून ठेवा आणि बाजूला व्हा, तो त्याच्या वेळेने बाहेर येईल, ओतून बाहेर काढू नका. पिशवी दुसऱ्या दिवशी काढा. टँकचं झाकण नीट लॉक करा, साप अगदी बारीक फटीतून निघून जातो, जिथून डोकं जातं तिथून बाकीचा साप जातोच.

आणि मग आठवडा ते दोन आठवडे हात लावायचा नाही. पाहुणे आले तरी नाही, फोटोसाठी नाही, एकदाच बघू कसा आहे म्हणूनही नाही. हे लोकांना सगळ्यात जड जातं, मला कळतं, आवडीने आणलेला प्राणी समोर असून हात लावायचा नाही म्हणजे कठीणच आहे, पण तुम्ही त्याच्यासाठी या काळात करू शकता ती सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. फक्त पाणी बदला, घाण केली असेल तर तेवढीच उचला, आणि हे काम रोज साधारण एकाच वेळेला, सावकाश, आवाज न करता करा. हाईड उचलून बघणं बंद.

टँकजवळ मात्र तुम्ही असलात तर हरकत नाही. त्याच खोलीत शांत बसून वाचा, काम करा, थोड्या अंतरावरून. तुम्ही दिसता, तुमचा वास येतो आणि वाईट काही होत नाही, हे त्याच्या डोक्यात बसायला लागतं. काही लोक एक दिवस घातलेला सुती कपडा, परफ्युम न लावलेला, घडी करून टँकच्या एका कोपऱ्यात ठेवतात म्हणजे वासाची ओळख होते. करून बघायला हरकत नाही, फक्त धागे निघालेला कपडा नको.

एक वही ठेवा. कधी खाल्लं, कधी शी केली, कात कधी टाकली, रात्री फिरतो का, तापमान किती होतं. वजनही लिहा, वजन काट्यासाठी सापाला हातात घ्यायची गरज नाही, बंद हाईडमध्ये साप बसला असेल तर हाईडसकट उचलून काट्यावर ठेवा आणि हाईडचं वजन वजा करा. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर ही वही तुमच्या आठवणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पहिलं खाणं

आल्यापासून पाच ते सात दिवसांनी पहिल्यांदा द्या, आधी नाही. आधीच्या मालकाकडे काय खात होता, किती मोठं, कुठल्या वेळेला, हे साप घेतानाच विचारून घ्या आणि सुरुवातीला तेच द्या, किंबहुना थोडं लहानच. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, त्याहून मोठा नको. फ्रोजन उंदीर असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत बंद करून कोमट पाण्यात ठेवून शरीराइतका, म्हणजे साधारण ३८ अंशापर्यंत गरम करा आणि पुसून कोरडा करा. मायक्रोवेव्ह करू नका, आतून शिजतो आणि फुटतो. जिवंत उंदीर सोडून निघून जायचं तर कधीच नाही, न खाणाऱ्या सापाला उंदीर कुरतडतो आणि त्या जखमा फार वाईट असतात.

लांब चिमट्याने संध्याकाळी, दिवे मंद करून, हाईडच्या तोंडाशी धरा. नाकावर नाचवू नका, बुजऱ्या सापाला तो हल्ला वाटतो. घेतला नाही तर हाईडच्या तोंडाशी ठेवून रात्रभर सोडून द्या, बरेच लाजरे साप कोणी नसताना खातात. सकाळी तसाच असेल तर काढून टाका आणि पुन्हा आठवड्याने, रोज रोज देऊन बघणं नको. मोठा धष्टपुष्ट बॉल पायथन कित्येक आठवडे, कधी महिने न खाता राहतो आणि त्याला काही होत नाही, वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नाही. लहान पिल्लाला मात्र इतका वेळ देता येत नाही, दोन-तीन वेळा लागोपाठ नाकारलं तर सगळी तापमानं पुन्हा तपासा आणि अनुभवी माणसाला किंवा डॉक्टरला विचारा.

खाण्यासाठी सापाला उचलून वेगळ्या डब्यात टाकायची जुनी पद्धत आहे, टँकमध्ये खायला दिलं तर हात चावायला शिकतो म्हणून. ते करू नका. उचलल्याने आधीच घाबरलेला साप खात नाही, आणि खाल्ल्यावर पुन्हा उचललं तर ओकू शकतो. खाल्ल्यानंतर ४८ तास हात लावायचा नाही, फुगवटा दिसत असेल तर तो जाईपर्यंत. ओकलाच तर दहा ते चौदा दिवस काही देऊ नका, मग लहान उंदीर, आणि दुसऱ्यांदा झालं तर डॉक्टर.

आता हात

दोन-तीन वेळा लागोपाठ खाल्लं की मगच हाताळायला सुरुवात. दोन आठवडे झाले पण खात नाहीये, तर अजून थांबा, कॅलेंडरपेक्षा खाणं जास्त खरं सांगतं.

आधी हात धुवा, उंदराचा वास असलेला हात म्हणजे सापासाठी उंदीरच. मग टँक उघडा आणि काही सेकंद काहीच करू नका, त्याला कळू द्या की उघडलंय. स्नेक हुक (साप उचलायची वाकड्या टोकाची काठी) किंवा पुठ्ठ्याची नळी घेऊन अंगाच्या मधल्या भागाला हलकेच स्पर्श करा, डोक्याला नाही. खाण्याच्या वेळी असा स्पर्श कधीच होत नाही, त्यामुळे थोड्याच दिवसात त्याला कळतं की स्पर्श झाला म्हणजे आता खाणं नाही, उचलणार आहेत. किंग स्नेक सारख्या खादाड सापांसाठी ही सवय सोन्यासारखी आहे, त्यांचे बरेचसे चावे भीतीने नाहीत तर भुकेने असतात. दोन्हीतला फरक कळतो, घाबरलेला साप मागे खेचून झटकन चावून लगेच सोडतो, भुकेला साप जीभ काढत पुढे येतो आणि चावला की धरून विळखा घालतो.

पहिल्या काही वेळा फक्त एवढंच, उघडा, स्पर्श करा, बंद करा. साप दचकायचा कमी झाला की मग उचला. हात बाजूने, खालून, अंगाच्या मध्याखाली, वरून नाही आणि डोक्याच्या दिशेने नाही. ठरवलं की सावकाश पण न थांबता उचला, अर्ध्यात कचरून हात मागे पुढे करत राहिलात तर तोच हात त्याला शिकाऱ्यासारखा वाटतो. दोन हातांवर पूर्ण अंगाला आधार द्या, घट्ट धरू नका, डोकं पकडू नका, त्याला हातातून हातात सरकू द्या. जमिनीवर किंवा गादीवर बसून करा म्हणजे पडला तरी उंचावरून पडत नाही. चेहऱ्याजवळ नेऊ नका.

पहिल्या वेळा दोन ते पाच मिनिटं पुरेत, आठवड्यातून दोनदा. नंतर दहा, पंधरा मिनिटं. आणि परत ठेवताना तो थोडा निवांत झालेल्या क्षणाला ठेवा, अंग सैल झालं, जीभ चालू झाली की लगेच, म्हणजे शांत राहिलं की घरी जाता येतं हे त्याला कळतं. पण खूपच बिथरला, स्राव सोडला, धडपडतोय, तर क्षणाची वाट बघत अर्धा तास धरून बसू नका, ठेवून द्या आणि पुढच्या वेळी एक पायरी खाली या.

उघडल्यावर स्ट्राईक मारला तर झटका देऊन हात ओढू नका, आहात तिथे स्थिर थांबा, त्याची मान खाली येऊ द्या आणि मग शांतपणे बंद करा. हातमोज्यांबद्दल विचाराल तर सुरुवातीला तुमची भीती जाण्यासाठी पातळ मोजे चालतील, तुम्ही थरथरत असाल तर सापालाही ते कळतं, पण जाड कातडी मोज्यात आपण किती दाबतोय तेच समजत नाही.

साप स्वतःहून बाहेर येत असेल तर त्याहून चांगलं काही नाही. संध्याकाळी दार उघडून समोर हात सपाट ठेवून बसा, आला तर येऊ द्या, परत गेला तर जाऊ द्या. याला वेळ लागतो पण असा साप नंतर फार क्वचित बिथरतो.

चावलाच तर

सापाचे दात मागे वळलेले असतात, त्यामुळे ओढलं तर तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. भीतीने चावला तर तो स्वतःच सोडतो. भुकेने धरून बसला तर हात स्थिर ठेवा, त्याच्या तोंडावर थंड पाणी सोडा, शेपटीकडून विळखा सोडवा. मग साबणाने भरपूर धुवा, अँटिसेप्टिक लावा, दात अडकलाय का बघा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील किंवा जखम सुजली, लाल झाली तर डॉक्टरकडे जा. हॉगनोज मागच्या दातांतून सौम्य विष सोडतो, तो चावून धरून बसला तर लवकर सोडवा आणि सूज आली तर दाखवा. आणि चावला नाही तरी प्रत्येक वेळी हात धुवायचेच, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप देऊच नका.

सारखा फिरतो, काचेला नाक घासतो

संध्याकाळी तासभर फिरणं अगदी नॉर्मल आहे, बहुतेक साप तेव्हाच जागे होतात, आणि नवीन जागा असेल तर पहिले काही दिवस जास्तच. पण दिवसरात्र फिरतोय, नाकाची पुढची खवली सोलवटली आहे, तर काहीतरी बिनसलंय. आधी तापमान बघा, थंड बाजू खरंच थंड आहे का, कारण दोन्हीकडे गरम असेल तर साप बाहेर पडायचा रस्ता शोधत फिरतो. मग हाईड, मग ह्युमिडिटी. मग भूक, पिल्लांना पाच ते सात दिवसांनी लागतं. मोठा नर असेल तर प्रजननाच्या काळात मादीच्या शोधात फिरतो आणि खाणंही सोडतो, तेव्हा फक्त नाक जपायचं. सतत पाण्याच्या भांड्यात पडून राहत असेल तर माईट्स, म्हणजे अंगावरचे बारीक परजीवी किडे शोधा, खवल्यांच्या फटीत, डोळ्यांच्या कडेला, पाण्यात बुडालेले काळे बारीक ठिपके. शांत करण्यासाठी सापाला टबात अंघोळ घालतात काही लोक, त्याने तो शांत होत नाही, दमतो.

कात आणि आजार

डोळे निळसर धुरकट झाले, अंगाचा रंग फिका पडला म्हणजे कात येतेय. हे आठवडाभर, कधी दोन आठवडे चालतं आणि त्यातले काही दिवस त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे एरवी गरीब असलेला सापही फुत्कारतो, खाणं सोडतो. हात लावू नका, ओलसर मॉस (शेवाळ) भरलेली एक जास्तीची हाईड द्या आणि सोडून द्या. कात अखंड निघाली का, डोळ्यांवरचे पापुद्रे त्यात आले का बघा, राहिले असतील तर नखाने काढायला जाऊ नका.

घरघर आवाज, नाकातोंडातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, डोकं वर करून आभाळाकडे बघत राहणं, पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग, वजन दहावा हिस्सा कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर हाताळणं बंद आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा, शीचा नमुना सोबत न्या. दुखत असलेला साप चावतोच, त्याला सवय लावायला जाऊन काही होणार नाही.

सफाई करताना टँक एकदम चकाचक करून सगळं सामान बदलू नका, एक हाईड न धुता तशीच ठेवा म्हणजे त्याचा स्वतःचा वास राहतो, नाहीतर तो पुन्हा नवीन घरात आल्यासारखा वागतो. कात, आजारपण, घर बदलणं, असा कुठलाही खंड पडला की हाताळणं जिथे सोडलं तिथून नाही तर दोन पायऱ्या खालून सुरू करा, या वेळी जमायला पहिल्यापेक्षा कमी दिवस लागतात.

आणि काही साप वर्षभर सगळं नीट करूनही हाताळलेलं सहन करतच नाहीत. खातात, कात छान टाकतात, टँकमध्ये निवांत फिरतात, पण उचललं की बिथरतात. असा साप बिघडलेला नाही. त्याला फक्त साफसफाईपुरता हुकने उचलून डब्यात ठेवा, काम झालं की परत, आणि एरवी समोरची काच मोकळी ठेवून संध्याकाळी तो फांदीवर चढताना, पानांखालून डोकं काढताना बघा.